शेकेलचे पौंड-औंस कसे करायचे (आणि उलटं) : प्राचीन हिब्रू आणि जुन्या ब्रिटिश वजनांचं पायरी-पायरीने गाईड

जुनं इंग्रजी बायबल, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची टीका (म्हणजे बायबलवरचं भाष्य) किंवा घरातल्या कपाटात पडलेला बायबल कोश उघडलात तर शेकेल, माने, किक्कार ही सगळी वजनं पौंड, औंस, पेनीवेट आणि ग्रेनमध्ये समजावलेली दिसतात. आपण सगळे किलो-ग्रॅमवाले, त्यामुळे एक न समजणारं वजन दुसऱ्या न समजणाऱ्या वजनात सांगितल्यासारखं होतं. आमच्या अभ्यासगटासाठी मराठी टिपा करताना मला हे सगळं नीट लावून घ्यावं लागलं, कारण नेटवरचे कन्व्हर्टर आकडा देतात पण तो कोणता शेकेल धरून दिलाय ते बहुतेक वेळा सांगतच नाहीत, आणि दोन साइटवर दोन वेगळे आकडे आले की माणूस तिथेच थांबतो.

आधीच सांगते, यातलं गणित पाचवी-सहावीचं आहे. गुणाकार, भागाकार, संपलं. डोकं लागतं ते गणिताच्या आधी, कारण शेकेलही एकच नाही आणि पौंडही एकच नाही. ते दोन ठरवलेत की पुढचं काम साधा कॅल्क्युलेटर करतो.

काय काय लागेल

- ज्या पुस्तकात किंवा वचनात ते वजन आलंय ते पान, पूर्ण. नुसता आकडा उतरवून घेतलेला चालणार नाही, आजूबाजूच्या ओळी लागतात.
- त्याच वचनाचं निदान अजून एक भाषांतर. मराठी असेल तर उत्तम, कारण आपल्या मराठी बायबलात शेकेल, गेरा, किक्कार ही नावं तशीच ठेवलेली सापडतात.
- कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल. फोनवरचा पण चालेल.
- कागद-पेन. हसू नका, ट्रॉय पौंडात (सोन्याचांदीच्या ब्रिटिश पौंडात) उत्तर काढताना बाकी लिहून ठेवावीच लागते.
- पुस्तक छापल्याचं साल. हे का ते पायरी २ मध्ये येईल.

पायरी १ : आकडा कुणी दिलाय ते बघा

दोन शक्यता असतात. एक, वजन मूळ हिब्रू मजकुरातलं आहे, म्हणजे "पाच हजार शेकेल" असं वचनातच लिहिलंय. दोन, वजन कुण्या इंग्रज लेखकाने आधीच पौंडात करून दिलंय आणि तुम्हाला ते पुन्हा शेकेलमध्ये किंवा किलोत न्यायचंय.

पहिल्या प्रकारात काम सरळ आहे. दुसऱ्यात मात्र त्या लेखकाने कोणता शेकेल धरला होता ते आधी शोधावं लागतं, नाहीतर त्याच्या आकड्यातला फरक गुपचूप तुमच्या उत्तरात येऊन बसतो आणि तुम्हाला कळतही नाही. वहीत प्रत्येक आकड्यापुढे "मूळ" किंवा "केलेलं" असं लिहून टाका, नंतर खूप वेळ वाचतो.

पायरी २ : शेकेल कोणता ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

यहूदा राज्याच्या शेवटच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. आठव्या शतकापासून इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडेपर्यंत, तिथे चुनखडीची छोटी घुमटासारखी वजनं वापरात होती. जेरुसलेम, लाखीश अशा ठिकाणच्या उत्खननांत ती बऱ्याच संख्येने मिळालीत आणि त्यांच्यावर शेकेलची खूण आणि आकडा कोरलेला असतो. ही वजनं तराजूत टाकून एक शेकेल साधारण ११.३ ते ११.४ ग्रॅम येतो. पुस्तकांत ११.३३ हा आकडा वारंवार भेटेल. मजा म्हणजे या मालिकेत १, २, ४, ८ शेकेलची वजनं आहेत आणि ४ शेकेलच्या दगडावर इजिप्शियन पद्धतीचा ५ तर ८ शेकेलच्या दगडावर १० कोरलेला दिसतो, कारण ८ शेकेल म्हणजे जवळजवळ इजिप्तचा एक देबेन, आणि देबेनचे भाग दहा. व्यापारी माणूस दोन्हीकडचा हिशोब एकाच दगडावर करत होता असं दिसतं. फोटोत असा दगड बघितलात तर त्यावरचा १० वाचून १० शेकेल धरू नका, ते ८ आहेत.

आता दुसरा शेकेल. तो नाण्याचा. सोर (इंग्रजीत टायर) शहराची चांदीची नाणी, आणि इ.स. ६६ ते ७० च्या उठावात यहुद्यांनी पाडलेले चांदीचे शेकेल, ही साधारण १४ ग्रॅमची. दगडी वजनं सापडण्याच्या आधी इंग्रज विद्वानांच्या हातात मोजण्यासारखं मुख्यतः हेच होतं, त्यामुळे जुन्या इंग्रजी बायबलांच्या मागे जो वजनमापांचा तक्ता छापायचे त्यात शेकेल ९ पेनीवेट २ आणि चार-सप्तमांश ग्रेन असा दिलेला असतो (ही छोटी ब्रिटिश मापं, पायरी ३ मध्ये येतील). त्याचा हिशोब केला तर १४.१६ ग्रॅम येतात! म्हणजे दगडी शेकेलपेक्षा बरोब्बर पंचवीस टक्के जास्त. म्हणून म्हटलं छापल्याचं साल बघा. एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक असेल तर हा नाण्याचा शेकेल असण्याची शक्यता दाट आहे, आणि अलीकडची अभ्यास-बायबलं मात्र ११ ते १२ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी धरतात.

तिसरा आहे धार्मिक विधीतला. पहिल्या मुलाच्या सोडवणुकीचे पाच शेकेल (गणना १८:१६) द्यायचे असतात त्यासाठी रब्बींच्या परंपरेचा वेगळा हिशोब आहे आणि त्यात पाचांची मिळून साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास चांदी धरतात, म्हणजे एकाला वीस ग्रॅमच्या जवळ. आपल्या कोकणातल्या, मुंबई-ठाण्यातल्या किंवा इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएली मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर सरळ सांगते, विधीसाठी हा लेख वापरू नका, तुमच्या सिनेगॉगमध्ये विचारा. मी इथे इतिहासातल्या वजनाबद्दल बोलतेय.

आणि हो, सर्चमध्ये "शेकेल कन्व्हर्ट" टाकलंत तर गुगल इस्राएलच्या चलनाचा भाव देतं. तो १९८६ पासूनचा नवा शेकेल, पैसे आहेत, वजन नाही.

तर नियम असा धरा: जुन्या करारातलं, राजांच्या काळातलं वजन असेल तर दगडी शेकेल. जुन्या इंग्रजी तक्त्यातून आलेलं पौंड-औंस असेल तर ते नाण्याच्या शेकेलवरून आलंय का ते तपासा.

पायरी ३ : पौंड कोणता ते ठरवा

ब्रिटिशांकडेही सगळा आनंदच होता. एकाच वेळी तीन पद्धती चालू होत्या.

ॲव्हॉर्डुपॉइज म्हणजे रोजच्या बाजाराचा पौंड. १६ औंसांचा, ४५३.६ ग्रॅम. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या बोलण्यातला रतल तो हाच. वर १४ पौंडांचा स्टोन, २८ चा क्वार्टर, ११२ चा हंड्रेडवेट आणि २० हंड्रेडवेटचा म्हणजे २२४० पौंडांचा टन.

ट्रॉय म्हणजे सोन्याचांदीचा. १२ औंसांचा पौंड, ३७३.२ ग्रॅम. औंसाचे २० पेनीवेट, पेनीवेटचे २४ ग्रेन. ट्रॉय पौंड १८७८ च्या कायद्याने बंद केला, ट्रॉय औंस मात्र सोन्याच्या भावात आजही जिवंत आहे.

तिसरी औषधवाल्यांची. पौंड आणि औंस ट्रॉयचेच, फक्त आतली फोड वेगळी: औंसाचे ८ ड्रॅम, ड्रॅमचे ३ स्क्रुपल, स्क्रुपलचे २० ग्रेन. बायबलच्या वजनांसाठी ही क्वचित लागते, पण अभिषेकाच्या तेलातल्या मसाल्यांची चर्चा (निर्गम ३०) कुणा वैद्य-लेखकाने केली असेल तर दिसू शकते. त्यांची ड्रॅमची खूण दिसायला आकडा ३ सारखी असते, फसू नका.

यातून निघणारी गंमत तुम्ही ऐकली असेल: एक पौंड कापूस एक पौंड सोन्यापेक्षा जड, पण एक औंस सोनं एक औंस कापसापेक्षा जड. आपल्या कामात हा विनोद राहत नाही, कारण जुन्या तक्त्यातला शेकेल ट्रॉयमध्ये असतो आणि टीकाकार खाली स्पष्टीकरणात कधी ट्रॉय कधी ॲव्हॉर्डुपॉइज वापरतो, दोन्हीला नुसतं "पौंड" म्हणतो. मजकुरात पेनीवेट आलं की ट्रॉय समजा. स्टोन, हंड्रेडवेट आलं की ॲव्हॉर्डुपॉइज. काहीच नसेल तर औंस बघा, १२, १३, १४ किंवा १५ औंस असा आकडा कुठे दिसला तर तो ट्रॉय असूच शकत नाही, कारण तिथे १२ ला पौंड पूर्ण होतो.

१५२७ च्या आधीचा इंग्लिश दस्तऐवज असेल तर अजून एक टॉवर पौंड होता, ५४०० ग्रेनचा, तो आठव्या हेन्रीने बंद केला. आणि स्टोन १८३५ च्या कायद्याने १४ पौंडांवर पक्का झाला, त्याआधी माल बदलला की स्टोन बदलायचा. पण इतक्या मागे जायची वेळ फार कुणावर येत नाही.

पायरी ४ : सगळं ग्रेनमध्ये आणा

ही या लेखातली मुख्य युक्ती. ब्रिटिशांच्या तिन्ही पद्धतींत ग्रेन एकच आहे, ०.०६४८ ग्रॅम. त्यामुळे पौंडातून शेकेलमध्ये थेट उडी न मारता आधी ग्रेन करा, मग पलीकडे जा. पौंडांचा गोंधळच संपतो.

ब्रिटिश बाजू:
- ॲव्हॉर्डुपॉइज पौंड = ७००० ग्रेन, औंस = ४३७.५ ग्रेन
- ट्रॉय पौंड = ५७६० ग्रेन, औंस = ४८०, पेनीवेट = २४
- औषधवाल्यांचा ड्रॅम = ६०, स्क्रुपल = २०

आता हिब्रू बाजू. दगडी शेकेल ११.३३ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १७५ ग्रेन होतात. आणि हा १७५ इतका सोयीचा आकडा आहे की मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासला. ७००० भागिले १७५ म्हणजे ४०. म्हणजे ४० शेकेल = १ पौंड (ॲव्हॉर्डुपॉइज). एवढं एकच पाठ करा, बाकी सगळं यातून निघतं.

- गेरा = शेकेलचा विसावा भाग (निर्गम ३०:१३) = ८.७५ ग्रेन = ०.५७ ग्रॅम
- बेका = अर्धा शेकेल = ८७.५ ग्रेन = ५.६७ ग्रॅम
- पिम = साधारण दोन-तृतीयांश शेकेल, प्रत्यक्ष मिळालेले दगड ७.८ ग्रॅमच्या आसपास
- शेकेल = १७५ ग्रेन = ०.४ औंस
- माने = ५० शेकेल = ८७५० ग्रेन = सव्वा पौंड
- किक्कार (इंग्रजीत टॅलंट) = ३००० शेकेल = ५,२५,००० ग्रेन = ७५ पौंड = ३४ किलो

किक्कारचे ३००० शेकेल कशावरून, असं कुणी विचारलं तर निर्गम ३८:२५-२६ दाखवा. ६,०३,५५० पुरुष, प्रत्येकी अर्धा शेकेल, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. वचन म्हणतं १०० किक्कार १७७५ शेकेल. १७७५ वजा करा, उरले ३,००,०००, भागिले १००. वचनातच उत्तर आहे. बॅबिलोनकडचा किक्कार ३६०० चा होता हे कुठेतरी वाचाल, तो इथे लावू नका.

मानेचं मात्र एकमत नाही. यहेज्केल ४५:१२ मध्ये वीस, पंचवीस आणि पंधरा शेकेल मिळून एक माने म्हटलंय, म्हणजे ६०. जुने इंग्रजी तक्ते मानेचे ६० शेकेल धरतात पण किक्कारचे ३००० च ठेवतात, म्हणजे त्यांच्याकडे ५० मानेचा एक किक्कार. त्यामुळे माने आलं की कोणता धरला ते लिहून टाका, शेकेल आणि किक्कारला हा त्रास नाही.

पायरी ५ : हिब्रूतून ब्रिटिशमध्ये

गल्याथचं चिलखत, १ शमुवेल १७:५, पितळेचे ५००० शेकेल. भागिले ४०. १२५ पौंड. स्टोनमध्ये हवं तर ८ स्टोन १३ पौंड, किलोत ५६.७. त्याच्या भाल्याचं पातं ६०० शेकेल लोखंड, म्हणजे १५ पौंड. झालं.

आता हेच चिलखत नाण्याच्या शेकेलने करून बघा (२१८.५७ ग्रेन). १५६ पौंड येतात. आणि तेच ट्रॉय पौंडात लिहिलं तर जवळजवळ १९०! एकच चिलखत, तीन आकडे, १२५, १५६ आणि १९०, आणि तिन्हीपुढे नुसतं "पौंड". वेगवेगळ्या पुस्तकांत गल्याथ का जाडा-बारीक होतो याचं कारण एवढंच आहे, भांडायची गरज नाही.

सोनं-चांदी असेल तर ब्रिटिश वाचकाला ट्रॉयमध्ये द्यायची पद्धत आहे. उत्पत्ति २४:२२ मध्ये रिबकेला अर्ध्या शेकेलची सोन्याची नथ आणि दहा शेकेलची दोन कांकणं मिळतात. कांकणं: १० × १७५ = १७५० ग्रेन. भागिले ४८०, ३ औंस, बाकी ३१०. भागिले २४, १२ पेनीवेट, बाकी २२. उत्तर ३ औंस १२ पेनीवेट २२ ग्रेन. बाकी कागदावर लिहा म्हणाले ते यासाठी, कॅल्क्युलेटर ३.६४५८ औंस दाखवतो आणि तो दशांश पेनीवेटमध्ये नेताना लोक १०० ने भाग देतात.

अब्राहामाने मकपेलाच्या गुहेसाठी एफ्रोनाला ४०० शेकेल चांदी तोलून दिली (उत्पत्ति २३:१६). बाजाराच्या पौंडात १० पौंड, ट्रॉयमध्ये १२ पौंड १ औंस १६ पेनीवेट १६ ग्रेन. दोन्ही बरोबर. तिथे "व्यापाऱ्यांत चालणारं" चांदीचं वजन असं मुद्दाम म्हटलंय आणि गोष्ट राजांच्या काळाच्या खूप आधीची, त्यामुळे इथे उत्तराआधी "अंदाजे" लिहाच.

मोठे आकडे: ३० किक्कार म्हणजे २२५० पौंड, ब्रिटिश टन २२४० चा, म्हणजे तोंडी हिशोबाला ३० किक्कार = १ टन. शलमोनाकडे एका वर्षात आलेलं ६६६ किक्कार सोनं (१ राजे १०:१४) साडेबावीस टनांच्या अलीकडे, नीट केलं तर २२.३. निवासमंडपाचं सोनं २९ किक्कार ७३० शेकेल (निर्गम ३८:२४), एकूण ८७,७३० शेकेल, भागिले ४०, २१९३ पौंड ४ औंस. हंड्रेडवेटमध्ये १९ हंड्रेडवेट २ क्वार्टर ९ पौंड ४ औंस. थोडक्यात एका टनाला थोडं कमी.

पायरी ६ : ब्रिटिशमधून हिब्रूत

उलटं करताना गुणाकार. ११ स्टोनचा माणूस घ्या: १५४ पौंड, गुणिले ४०, ६१६० शेकेल. ६००० चे दोन किक्कार, उरले १६०, त्यात तीन माने आणि वर दहा शेकेल. २ किक्कार ३ माने १० शेकेल.

जुन्या तक्त्यातलं ट्रॉय वजन आजच्या शेकेलवर आणायचं असेल तर दोन कामं करावी लागतात. तक्त्यातला किक्कार बघा: ११३ पौंड १० औंस आणि वर थोडं, ट्रॉय. याचे ग्रेन केले की ६,५५,७१४ येतात. ७००० ने भागा, बाजाराचे ९३.७ पौंड. आता नाण्याचा शेकेल पंचवीस टक्के मोठा होता म्हणून ०.८ ने गुणा, ७५ पौंड. आपला किक्कार परत मिळाला. म्हणजे शॉर्टकट असा: जुन्या तक्त्यावरून काढलेलं कुठलंही ट्रॉय पौंड वजन असेल तर गुणिले ०.६५८, थेट आजच्या हिशोबाचे बाजारी पौंड. पण हा शॉर्टकट त्या लेखकाने तोच तक्ता वापरलाय याची खात्री असेल तेव्हाच. खात्री कशी करायची? त्याच पुस्तकात ज्याचे शेकेल माहीत आहेत असं एखादं वजन शोधा, गल्याथ बहुतेक सापडतोच, आणि त्याचे ग्रेन करून शेकेलने भागून बघा. २१८-२१९ आलं तर तोच तक्ता.

पायरी ७ : तोळ्याने ताळा करा

इथे आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं आहे. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, ११.६६ ग्रॅम. दगडी शेकेल १७५. फरक पाच ग्रेन! ३६ शेकेल म्हणजे ३५ तोळे. आणि चाळीस शेरांचा, ऐंशी तोळ्यांच्या शेराचा मण म्हणजे ३२०० तोळे, ३७.३ किलो, तर किक्कार ३००० शेकेल, ३४ किलो. म्हणजे उत्तर बरोबर आलंय का ते मनातल्या मनात बघायचं असेल तर शेकेलच्या जागी तोळा आणि किक्कारच्या जागी मणापेक्षा थोडं कमी असं वाचा. रिबकेची नथ अर्ध्या तोळ्याची, कांकणं पावणेदहा तोळ्यांची. दावीदाने घेतलेला मुकुट एक किक्कार सोन्याचा (२ शमुवेल १२:३०), म्हणजे जवळजवळ मणभर, आणि हा डोक्यावर कसा ठेवला यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिलीत ते का ते लगेच कळतं.

फक्त सराफाकडचा आजचा तोळा घेऊ नका, तो सोयीसाठी १० ग्रॅमचा धरतात. ताळा जुन्या तोळ्याने. या दोन लोकांचा एकमेकांशी काही संबंध होता वगैरे थिअरी मात्र यावरून काढू नका, योगायोग आहे, उपयोगी आहे, बास.

जिथे हमखास गडबड होते

किंग्ज जेम्स भाषांतरातला "पौंड" हा सगळ्यात वाईट खड्डा. १ राजे १०:१७ मध्ये शलमोनाच्या ढालींना प्रत्येकी "तीन पौंड" सोनं असं तिथे छापलंय, पण मुळात तीन माने आहेत. पौंड समजून चाललात तर १.३६ किलो, ५० च्या मानेने १५० शेकेल म्हणजे १.७ किलो. आणि त्याच ढाली २ इतिहास ९:१६ मध्ये तीनशेच्या आहेत (शेकेल हा शब्द तिथे मूळ हिब्रूत नाही, गृहीत धरतात), त्या हिशोबाने ३.४ किलो. हे जुळवायला जाऊ नका, दोन्ही संदर्भ देऊन दोन्ही आकडे लिहा. एज्रा आणि नहेम्याच्या पुस्तकांतही त्या भाषांतरात मानेला पौंडच केलंय.

१ शमुवेल १३:२१ मध्ये त्याच भाषांतरात "कानस" आहे, कारण १६११ साली पिम हे वजन आहे हे कुणाला माहीत नव्हतं. पुढे "पिम" कोरलेले दगड सापडले आणि ते नांगराच्या फाळाला धार लावायचा दर आहे हे कळलं. जुन्या पुस्तकात इथे वजन दिसणारच नाही, तुम्ही शोधत बसाल.

नव्या करारातला टॅलंट आणि लूक १९ मधला "पौंड" हे ग्रीक-रोमन जगातले पैसे आहेत, त्यांना १७५ ग्रेन लावू नका. योहान १२:३ मधला सुगंधी तेलाचा "पौंड" रोमन लिब्रा आहे, साधारण ३२७ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिशही नाही आणि हिब्रूही नाही.

ड्रॅम दोन आहेत. औषधवाल्यांचा ६० ग्रेनचा, बाजाराचा औंसाचा सोळावा भाग म्हणजे २७ ग्रेनच्या थोडा वर. दुपटीहून जास्त फरक.

अमेरिकन पुस्तक असेल तर टन २००० पौंडांचा आणि हंड्रेडवेट १०० चा. प्रकाशनाचं गाव बघा, लंडन की न्यूयॉर्क.

राजाचं वजन: अबशालोमाचे केस २०० शेकेल "राजाच्या वजनाने" (२ शमुवेल १४:२६). साध्या शेकेलने ५ पौंड होतात. राजाचा शेकेल वेगळा असू शकतो, म्हणून आकड्यापुढे ते शब्द जसेच्या तसे ठेवा.

पायरी ८ : उत्तर लिहायचं कसं

उत्खननातले दगडच एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, थोडा थोडा फरक पडतोच, त्यामुळे कॅल्क्युलेटरने दिलेले सहा दशांश छापणं म्हणजे वाचकाला फसवणं आहे. ब्रिटिश बाजू एकदम पक्की आहे, पौंड १९५९ पासून ०.४५३५९२३७ किलो असा ठरलेला, पण साखळीतली हिब्रू कडी सैल आहे आणि उत्तर त्या सैल कडीइतकंच पक्कं. दोन, फार तर तीन आकडे ठेवा. ५६.७ ऐवजी "सुमारे ५७ किलो". पेनीवेट-ग्रेनपर्यंतचं उत्तर फक्त जुन्या तक्त्याशी ताडून बघायला, छापायला नाही.

(तसं ब्रिटिशांचंही सगळं आधीपासून इतकं पक्कं नव्हतं. १८२४ च्या कायद्याने ज्या पितळी ट्रॉय पौंडाला प्रमाण मानलं तो १८३४ मध्ये पार्लमेंटच्या आगीत गेला आणि मग नवा बनवायला घेतला, तो ७००० ग्रेनचा ॲव्हॉर्डुपॉइज.)

मी टिपेत हा साचा वापरते, हवा तर तसाच उचला: "५००० शेकेल (यहूदाचा दगडी शेकेल, ११.३ ग्रॅम धरून): सुमारे ५७ किलो, १२५ पौंड ॲव्हॉर्डुपॉइज. जुन्या इंग्रजी तक्त्यांप्रमाणे १५६ पौंड." कंसातलं गाळू नका. पुढे कुणी ११.५ चा शेकेल धरला तर त्याला फक्त तेवढंच बदलावं लागेल.

एक्सेलमध्ये ठेवणार असाल तर शेकेलचे ग्रेन एका वेगळ्या सेलमध्ये टाका आणि बाकी सगळी सूत्रं त्या सेलवरून चालवा. १७५ च्या जागी २१८.५७ टाकलं की पूर्ण शीट जुन्या तक्त्याप्रमाणे दिसते, आणि शेजारी पुस्तक उघडून एकेक ओळ टिक करत जाता येते.